अळ्यांनी माना वर केल्या तेव्हा

वच्छलाबाईंच्या शेडच्या दारात एक पाट असे. पाटावर साबण, शेजारी पाण्याची बादली आणि ब्लीचिंग पावडर कालवलेलं घमेलं. आत जायचं तर आधी हात धुवायचे, मग घमेल्यात पाय बुडवायचे. त्याहूनही आधी, तोंडात काही असेल तर लांब बांधावर जाऊन थुंकून यायचं. एकदा आमचे मोठे साहेब पाहणीला आले होते. त्यांनाही बाईंनी दारात थांबवलं.

"सायेब, गालात काय हाय?"

साहेब गप्प.

"तंबाकू असंल तर तिकडं थुका आन् चूळ भरून या. माझी लेकरं मरत्याल."

साहेब मुकाट्याने बांधाकडे गेले.

लेकरं म्हणजे रेशमाच्या अळ्या. मी रेशीम खात्यात तांत्रिक सहायक होतो. औरंगाबादहून स्कूटरवर निघायचं आणि शेंद्र्याच्या आसपासच्या गावांतल्या तुतीवाल्यांच्या शेड पाहत फिरायचं, हे माझं काम. तंबाखूचा नियम बाईंना मीच सांगितला होता. प्रशिक्षणात सगळ्यांनाच सांगायचो, की तंबाखू खाणाऱ्याने शेडमध्ये येऊ नये, पाल्याला हात लावू नये, अळी मरते. सांगताना मी पुरुषांच्या रांगेकडे बघायचो. बायकांच्या रांगेकडे नजर लावून बोलणं मला कधी जमलं नाही.

वच्छलाबाईंचा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा. म्हणजे मी सांगतो त्या वर्षी, २००४ मध्ये, त्या छप्पन्नच्या होत्या. मालक वारलेले. एकुलता मुलगा बद्रीनाथ आधी गावातच असायचा, आणि सून आशाबाई शेडमधलं नाजूक काम बघायची. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी असते. पहिले आठ-नऊ दिवस तिला कोवळी पानं बारीक चिरून द्यावी लागतात, कोथिंबिरीसारखी. ते काम आशाबाई करायची, वच्छलाबाई पाला तोडून आणायच्या. दोन वर्षं त्यांचे कोष असे निघाले, की मी इतर शेतकऱ्यांना त्यांची शेड दाखवायला न्यायचो.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बद्रीनाथ वाळूजच्या कंपनीत कायम झाला आणि बायकापोरांना घेऊन बजाजनगरला राहायला गेला. आईलाही चल म्हणाला. आई म्हणाली, "तुती कोण बघंल?" तेव्हापासून पाला तोडणं, चिरणं, टाकणं, सगळं त्या एकट्या करू लागल्या. घराच्या पडवीत बसून पानं चिरायच्या, टोपलीत भरायच्या आणि टोपली घेऊन शेडकडे जायच्या. दारात हात धुवायच्या, पाय बुडवायच्या. त्यात कधी चूक नाही.

अळ्यांच्या जुलैच्या बॅचला सहाव्या दिवशी त्यांचा निरोप आला, लगेच या म्हणून.

मी गेलो तेव्हा त्या ट्रेसमोर उभ्या होत्या. अळ्या पाला खात नव्हत्या. शेकडो अळ्यांनी माना वर केल्या होत्या आणि त्या डावीकडे-उजवीकडे हलत होत्या, जणू कोणी हाक मारतंय आणि ती कुठून येते ते कळत नाही. काहींच्या तोंडातून हिरवं पाणी येत होतं. काही आखडून धनुष्यासारख्या वाकल्या होत्या.

"रोग हाय का हा?" त्यांनी विचारलं.

"रोग नाही. विष आहे," मी म्हणालो.

एवढंच म्हणून थांबायला हवं होतं. पण बाहेर, तुतीला लागून, त्यांचे चुलत दीर काकासाहेब यांचा कापूस दिसत होता आणि बांधावर पाठीवरचा पंप पडलेला होता. मी म्हणालो, "इमिडाने असंच होतं."

कापसावरच्या तुडतुड्यांसाठी तेव्हा ते औषध नवंच जोरात होतं. पूर्ण नाव इमिडाक्लोप्रीड, पण दुकानदारापासून सगळे इमिडाच म्हणायचे. बाईंनी ते काय करतं असं विचारलं आणि मी मला येत होतं तसं सांगितलं. एका नसेचा निरोप दुसऱ्या नसेला जातो, तेव्हा मध्ये एक बारीक फट असते. पहिली नस त्या फटीत एका द्रव्याचा थेंब सोडते. तो पलीकडच्या नसेवरच्या ठरलेल्या जागी बसतो, निरोप पोचतो, आणि लगेच थेंब पुसला जातो. पुसला गेला म्हणून नस शांत होते. इमिडा त्याच जागी जाऊन बसतं आणि पुसलं जात नाही. मग नस निरोप देतच राहते.

त्यांनी जरा विचार केला. "बद्रीच्या खोलीवर बेल हाय. मागं बटन आत अडकून बसलं. वाजायचं थांबंचना. सगळी बिल्डिंग बाहेर आली."

"तसंच."

"म्हंजी ह्यांच्या अंगात बेल वाजायलीय."

"हो. थकून बंद पडेपर्यंत."

त्या हलणाऱ्या मानांकडे बघत राहिल्या. संध्याकाळपर्यंत ट्रेमधलं सगळं हलणं थांबलं. आम्ही ट्रे खड्ड्यात रिकामे केले आणि वरून चुना टाकला.

पानं तपासायला पाठवायला हवी होती. मी पाठवली नाहीत. मला वाटलं, उघड आहे ते काय तपासायचं.

दुसऱ्या दिवशी बाई बांधावर गेल्या. मीही होतो, कारण साक्षीला त्यांनी मला बोलावलं होतं. काकासाहेब वखर थांबवून आले. माणूस थट्टेखोर, पण सरळ.

"काय वैनी, सायबाला घिऊन आल्या? जमिनीची मोजणी हाय का?"

"भावजी, तुमच्या औषदानं माझी लेकरं मेली."

"माझ्या औषदानं तुडतुडं मरंना झालं, तुमची लेकरं कशी मरत्याल?"

"सायेब म्हनत्यात."

काकासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "वारं तिकडे असेल तर... शक्यता असते," असं काहीतरी मी म्हणालो.

"वारं," काकासाहेब म्हणाले. "वाऱ्याला काय तुमचंच घर ठावं हाय व्हय? त्या अंगाला माझ्या बांधाचं गवत हाय, त्यावर किडं नाचत्यात."

ते खरं होतं. तेही मी नीट ऐकलं नाही.

ऑगस्टची बॅचही तशीच गेली. पाचव्या दिवशी माना वर, सहाव्या दिवशी खड्डा. आता भांडण गावात गेलं. बाईंनी काकासाहेबांच्या घरचा हळदीकुंकवाचा करंडा परत केला. विहिरीवर द्वारकाबाई, म्हणजे काकासाहेबांच्या पत्नी, आल्या की या घागर तशीच उचलून निघून यायच्या. रविवारी बद्रीनाथ आला. तो वाईट मुलगा नव्हता. आईला एकटीला ठेवून त्याला झोप लागत नव्हती.

"आई, अजून एक बॅच घी. ती निघाली तर मी पुन्हा इषय काढनार नाय. नाय निघाली तर तुती उपटायची, वावर काकाला बटईनं द्यायचं, आन् तू माझ्याकडं यायचं."

"तिथं काय करू म्या?"

"काय करायचंय? बसून खायाचं."

"बसून," त्या म्हणाल्या.

त्यांची जन्माची कमाई म्हणजे ती शेड होती, हे बद्रीनाथला कळत नव्हतं असं नाही. लग्न झाल्यापासून त्या दुसऱ्याच्या हुकुमाने राबल्या होत्या. आधी सासूच्या, मग मालकाच्या. शेडमध्ये मात्र साहेबालाही त्यांनी बाहेर उभं केलं होतं.

चार जाणती माणसं बसली. काकासाहेबांनी सगळ्यांदेखत कबूल केलं, की तिसरी बॅच निघेपर्यंत तुतीकडच्या दोन एकर कापसावर पंप चालवणार नाही. "आपल्यामुळं वैनीला गाव सोडावं लागलं असं नको," एवढंच म्हणाले. शब्द त्यांनी पाळला. पंधरा दिवसांत तुडतुड्यांनी कापसाची पानं कडांनी मुडपली, मग लाल पडली. दुसऱ्या अंगाचा, फवारलेला कापूस हिरवागार, आणि हा पट्टा भाजल्यासारखा. मी स्कूटरवरून जाताना तिकडे बघायचं टाळायचो.

तिसऱ्या बॅचला बाईंनी पाला तोडून तीनदा पाण्यातून काढला, फडक्यावर सुकवला आणि मग चिरला. घटस्थापनेच्या आधी दोन दिवस अळ्यांनी माना वर केल्या.

मी पोचलो तेव्हा त्या शेडबाहेर जमिनीवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, "ह्या खेपेला तर कुनी मारलंच नाय की वो." मग तेच पुन्हा म्हणाल्या. थोड्या वेळाने काकासाहेब आले. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार. थोडे लांबच उभे राहिले.

"आता कुनावर आळ घेता, वैनी?"

काकासाहेब माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो मला जास्त लागला.

"सायेब, तुमी शिकलेले. आमचा म्हातारा तंबाकूचा चुरा उकळून मिरचीवर शिपडायचा. मावा पटापटा गळायचा. तवा कुठं इमिडा हुतं? इख काय एकाच डब्यात ऱ्हातं व्हय?"

मी त्यांच्याकडे बघत होतो, पण माझं लक्ष शेजारी गेलं. वच्छलाबाईंनी कमरेच्या पिशवीतून एक चपटी डबी काढली होती, उजव्या हाताची तर्जनी तिच्यात बुडवली होती आणि त्या दात घासत होत्या. समोर बघत, विचारात, सवयीने. बोट पहिल्या पेरापर्यंत काळं होतं. कधीतरी लागलेलं नव्हे, मुरलेलं काळं.

मिश्री. ती लावताना मी त्यांना शंभरदा पाहिलं असेल. आमच्याकडच्या कितीतरी बायका लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दातांना चोळायची.

तंबाखूतलं जे द्रव्य आहे, निकोटीन, ते नसेच्या त्याच जागी बसतं जिथे इमिडा बसतं. मला हे पाठ होतं. इमिडा करणाऱ्यांनी तीच जागा हेरली, म्हणून मेलेल्या अळीकडे बघून ती कशाने मेली ते सांगता येत नाही. दोन्हींनी मान वर होते, दोन्हींनी हिरवं पाणी पडतं. आपल्याही नसांवर तशा जागा आहेत. पण आपला देह मोठा, म्हणून माणसाला त्याची तरतरी येते. केसाएवढ्या अळीला मरण येतं.

मला तोंड उघडायला किती वेळ लागला ते सांगत नाही. बाईमाणसाला तिच्या मिश्रीबद्दल विचारायचं म्हणजे मला घाम फुटला होता. शेवटी म्हणालो, "बाई, पानं चिरताना तुम्ही मिश्री लावता?"

"लावते की. दातं ठनकत्यात माझी."

"मिश्री तंबाखूची असते."

"आता मी भाजते, मला ठावं नाय व्हय?" त्या जरा चिडूनच म्हणाल्या. "पन तंबाकू खायाची आसती. मिसरी लावायची. ती दाताची हाय."

पानं चिरायच्या पडवीत, हात धुवायच्या ते नंतर, शेडच्या दारात; आणि आशाबाई चिरायची तोवर अळ्या धड होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर एक एक गोष्ट जागेवर बसताना मला दिसत होती. त्या उठल्या, आत गेल्या. एका कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये अजून धड असलेल्या वीसेक अळ्या होत्या. त्यांनी मला सांगितलं, "झाडाचं ताजं पान आना. तुमच्या हातानं." मी दोन पानं आणली. एक त्यांनी माझ्याकडूनच चिरवून अर्ध्या अळ्यांपुढे टाकायला लावलं. दुसऱ्यावर त्यांनी स्वतःचं बोट घासलं, चिरताना पाल्यात थोडं थोडं उतरायचं ते एकाच पानावर, आणि ते बाकीच्यांपुढे ठेवलं.

मग आम्ही तिघं उभे राहिलो. काकासाहेबही आत आले होते. पाय बुडवून आले होते.

माझ्या पानावरच्या अळ्या खात राहिल्या. दुसऱ्या पानावरच्यांनीही आधी खाल्लं. मग एकीने मान वर केली. मग तिच्या शेजारणीने. अर्ध्या तासात त्या दहाही माना हलवत होत्या. वच्छलाबाईंनी शेवटपर्यंत नजर काढली नाही. एवढंच म्हणाल्या, "तिन्ही खेपंला म्याच चारलं."

काकासाहेब बाहेर गेले. त्यांच्या जागी मी असतो तर ओरडलो असतो, की नसतो, माहीत नाही. त्या संध्याकाळी बाई त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. काकासाहेब ओसरीवर होते. त्यांनी पाहिलं आणि मान फिरवली. द्वारकाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. बाईंनी पाणी घेतलं नाही, उभ्याच राहिल्या, आणि मग परत आल्या. हे मला द्वारकाबाईंनी नंतर सांगितलं.

रविवारी बद्रीनाथ आला तेव्हा मी मुद्दाम गेलो. कारण कळलं आहे, आता एक बॅच नक्की निघेल, असं मी त्याला समजावलं. आयुष्यात मी कोणासाठी इतकं बोललो नव्हतो. तो म्हणाला, "आईनं मिसरी सोडली तर."

"सोडली," बाई म्हणाल्या. डबी त्यांनी आमच्यासमोर विहिरीत टाकायला उचलली.

"विहिरीत नका टाकू," मी म्हणालो. "पाणी तुतीला जातं."

बद्रीनाथ हसला. त्याही थोड्या हसल्या. त्या महिन्यात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. डबी बद्रीनाथने खिशात घातली.

चौदाव्या वर्षी, पहिल्या बाळंतपणात भूक मारायला सासूने त्यांना मिश्री लावायला शिकवलं होतं. बेचाळीस वर्षांची सवय. पहिल्या आठवड्यात त्यांचं डोकं फुटत होतं, हिरड्या सुजल्या, हाताला कंप सुटला, एकदा विळीवर बोट कापलं. मी म्हणालो, हवी तर लावा, पण साबणाने हात धुऊन मग चिरा, बोटांना फडकं बांधा. त्या म्हणाल्या, "न्हाई. एकदाच सोडायची." अंडी आली, अळ्या निघाल्या. पहिले दोन दिवस उत्तम गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर शेडला बाहेरून कडी. पडवीत चिरलेल्या पाल्याची टोपली पालथी पडलेली. बाई लांब, निंबाखाली बसल्या होत्या. उजवा हात पदरात गुंडाळलेला.

"काय झालं?"

"शेजारच्या सरूबाईकडून चिमूटभर मिसरी आनली हुती काल. दुखायचंच थांबंना. रातीला लावली, हात धुतलं, खसाखसा धुतलं. म्हनलं, सकाळी न्हाई लावायची." त्यांनी पदर आणखी आवळला. "पानं चिरत बसले. चिरता चिरता बगते तर बोट तोंडात. कवा गेलं, मला ठावं नाय. सायेब, मी घातलं न्हाई वो. हातच गेला."

"किती पाला टाकलात आत?"

"एक पानबी न्हाई. तवापासून इथंच हाय."

आत अळ्या उपाशी होत्या. उजाडल्यापासून. त्या वयात दोन वेळचं खाणं चुकलं तर बॅच सावरत नाही. मी म्हणालो, "मी चिरतो." त्यांनी मान हलवली.

"तुमी आज चिरसाल. उद्या?" त्यांनी शेडकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "द्वारकेला बोलवा. ती लावत न्हाई."

मी काकासाहेबांच्या घरी गेलो. काकासाहेब लाल पडलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या आत्तापासूनच उपटायला लागले होते. मी जे सांगायचं ते अडखळत सांगितलं. द्वारकाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. काकासाहेबांनी हातातली पऱ्हाटी खाली टाकली.

"माझ्याकडं काय बगतीस? जा. उपाशी हायेत ते."

द्वारकाबाई आल्या, कोपरापर्यंत हात धुतले, पाला चिरला आणि आत गेल्या. वच्छलाबाई निंबाखालूनच सांगत होत्या, बारीक चिर, ओला टाकू नको, कोपऱ्यातल्या ट्रेला आधी दे. दुपारी त्या मला बरोबर घेऊन काकासाहेबांकडे गेल्या. या वेळी बसल्या.

"भावजी, ह्या साली तुतीचं जे निघंल ते तुमच्या कापसाचं."

"मला नको."

"घ्यावं लागंल. आन् पुढंबी द्वारकाच करील. तुती उपटू नका. मी बद्रीला निरोप धाडलाय."

"वैनी, राहा की इथं. बाहीर बसून सांगत जा."

"बाहीर बसून?" त्या म्हणाल्या. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई, भावजी. ह्या खेपेला कळलं. कवातरी कळनार न्हाई."

मी त्यांना हातमोजे आणून देईन असं म्हणालो, एवढंच सुचलं. त्यांनी माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं पाहिलं. मी बायकांच्या रांगेकडे बघून एक वाक्य बोललो असतो तर, हा विचार तेव्हापासून माझ्यामागे आहे. नंतरच्या प्रशिक्षणांत मी ते बोललो, मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, असं, कान लाल होईपर्यंत. पण ते नंतर.

बद्रीनाथ टेम्पो घेऊन आला तो दिवस अळ्यांचा बाविसावा होता. बोटाएवढ्या झालेल्या, पांढऱ्याशुभ्र. आता पाला चिरायचा नव्हता, फांद्याच टाकायच्या होत्या. आणखी दोन-तीन दिवसांत त्या कोष करायला चढणार होत्या. सामान फार नव्हतं. एक पेटी, एक अंथरूण, देवाची चौकट. बाई शेडच्या दारापर्यंत आल्या आणि घमेल्याच्या अलीकडे थांबल्या. द्वारकाबाई आतून म्हणाल्या, "या की जाऊबाई, बगून तरी जा. लई भरल्यात."

"नको."

"हात धुवा आन् या. कायबी होत न्हाई आता, मोठ्या झाल्यात."

"नको, द्वारके. तू फांदी जरा वर धर, मी हितून बगते."

द्वारकाबाईंनी एक फांदी दारापर्यंत आणून उंच धरली. तिच्यावर आठ-दहा अळ्या पानाच्या कडा खात होत्या. एकीनेही मान वर केली नव्हती. वच्छलाबाई वाकून बघत राहिल्या. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

बाहेर बद्रीनाथने टेम्पो चालू केला.

"खातायत," त्या म्हणाल्या, आणि वळून चालू लागल्या.